उपकेंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत: महाराष्ट्रातल्या कुटुंबानं सरकारी आरोग्यसेवा कशी वापरावी

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत आहे. त्यापुढच्या महागड्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे. तरीही घरात मोठं आजारपण आलं की अनेक कुटुंबं आधी खासगीत अनामत भरतात आणि योजनेची चौकशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी करतात. योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. एकदा भरलेलं बिल ती मागाहून परत देत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर क्रमावर आहे: कुठला कागद घरी तयार हवा, कुठल्या दारात आधी जायचं आणि तिथून पुढच्या दारात जाताना हातात काय असलं पाहिजे.

आजारपणाआधी: घरची फाईल

हे काम घरात कुणी आजारी नसतानाच होतं. आजारपणात होत नाही.

कुटुंबाची एक फाईल करा. तिच्यात शिधापत्रिकेच्या सगळ्या पानांच्या आणि प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मग दोन्ही कागद शेजारी धरून नावं ताडून पाहा. आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि शिधापत्रिकेवर ‘लक्ष्मी’ असेल, जन्मवर्षात दहा वर्षांचा फरक असेल, तर मंजुरी नेमकी तिथं अडते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी होऊन सासरच्या शिधापत्रिकेवर चढलेलं आहे का, लहान मुलांची नावं आली आहेत का, हेही बघा. राहिली असतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, याचीही खात्री करा. आयुष्मान कार्ड (केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं) किंवा आभा हा आरोग्य क्रमांक काढताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा असावा. गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्या लागणाऱ्या धर्मादाय रुग्णालयात तो लागू शकतो, आणि पेशंट आयसीयूत असताना दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारणं फार कठीण जातं.

घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाईल हवी. तिच्या पहिल्या पानावर जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि त्यांचं वर्ष, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि रोज चालू असलेल्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट लिहा. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्याव्यात. त्यामागे रिपोर्ट तारखेनं लावा, सर्वांत नवा वर. एक्स-रे आणि सीटी स्कॅनचा नुसता कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडी जपून ठेवा. बायोप्सी झाली असेल तर तिच्या काचा आणि मेणातला तुकडा म्हणजे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयात ते पुन्हा तपासले जातात आणि ते नसले की पहिली फेरी वाया जाते.

आभा हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक आहे. तो काढून ठेवला तर अनेक मोठ्या रुग्णालयांत मोबाईलवर कोड स्कॅन करून केस पेपरचं टोकन मिळतं आणि रांग टळते. घरात ७० वर्षं पूर्ण केलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं.

कुठल्या दारात काय मिळतं

सर्वांत जवळचं दार म्हणजे उपकेंद्र. मैदानी भागात साधारण ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकवस्तीमागे एक असतं. तिथं आरोग्यसेविका असते. अनेक उपकेंद्रांचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारीही बसतात. लसीकरण, गरोदरपणाची नोंदणी, बीपी-शुगरची तपासणी, चालू गोळ्या, एवढ्यासाठी याच्या पुढं जायची गरज नाही. साधारण हजार लोकांमागे एक आशाताई असते. तिचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या. कुठल्या दिवशी कुठले डॉक्टर येतात, १०२ ची रुग्णवाहिका कुठं उभी असते, हे तिला ठाऊक असतं.

प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० (आदिवासी भागात २०,०००) लोकवस्तीसाठी असतं. तिथं डॉक्टर, सहा खाटा, बाळंतपणाची खोली, औषधं आणि रक्त, लघवी, थुंकी, मलेरिया अशा साध्या तपासण्या मिळतात. सर्पदंशाचं आणि कुत्रा चावल्याचं इंजेक्शनही इथं असतं. सोनोग्राफी आणि तज्ज्ञ डॉक्टर इथं शोधू नका.

त्यावरचं ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. इथं एक्स-रे, ईसीजी आणि काही तज्ज्ञ असतात. कोणते तज्ज्ञ आहेत हे मात्र पदं भरलेली आहेत का, यावर ठरतं. म्हणून जाण्याआधी विचारायचा प्रश्न नेमका हवा. बाळंतपणासाठी ‘स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत का’ एवढं विचारून भागत नाही, ‘भूलतज्ज्ञ रात्री येतात का’ हेही विचारा. भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही आणि ऐन वेळी जिल्ह्याला पाठवावं लागतं.

जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘सिव्हिल’. मुख्य विषयांचे तज्ज्ञ, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, रक्तपेढी, डायलिसिस आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं मंडळ इथं असतं. अलीकडे बऱ्याच जिल्ह्यांतली सिव्हिल नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जातात, आणि २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरताच आहे. तिथं केस पेपर आणि तपासण्यांना थोडं शुल्क पडू शकतं. पुण्याचं ससून, मुंबईचं जेजे, छत्रपती संभाजीनगरची घाटी, कोल्हापूरचं सीपीआर, नागपूरचं मेडिकल ही सगळी त्याच विभागाची. मुंबईतली केईएम, नायर आणि सायन ही महापालिकेची. कुठलं रुग्णालय कुणाचं आहे हे लक्षात ठेवण्याचा दुसरा उपयोग तक्रार करताना होतो, तो पुढे येईल.

नाशिक आणि अमरावतीची विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयं फार लोकांना ठाऊक नाहीत. हृदय, मूत्रपिंड यांसारख्या विषयांची ही अतिविशेष रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाचीच आहेत. उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भातल्या पेशंटनं मुंबईची गाडी पकडण्याआधी तिथं चौकशी करावी.

शहरात प्राथमिक केंद्राच्या जागी महापालिकेचे दवाखाने आणि नागरी आरोग्य केंद्रं असतात. कामावरून सुटल्यावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळीही उघडे असणारे ‘आपला दवाखाना’ आहेत. ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची वर्गणी कापली जाते त्यांनी मात्र आधी ईएसआयच्या दवाखान्यातून सुरुवात करावी, कारण पुढची पाठवणी तिथूनच होते.

ओपीडीचा दिवस

मोठ्या रुग्णालयात रोज सगळे तज्ज्ञ बसत नाहीत. हाडांची ओपीडी एका वारी, मेंदूविकाराची दुसऱ्या, आणि अतिविशेष विषयांची तर आठवड्यातून एक-दोनदाच. वार विचारल्याशिवाय निघू नका. केस पेपरची खिडकी सकाळी उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. लांबून येणाऱ्यानं खिडकी उघडण्याच्या सुमारास पोहोचावं. उपाशीपोटी रक्त द्यावं लागेल असं वाटत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर आठ तास पाण्याशिवाय काही घेऊ नका. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं उपाशी राहून सकाळचा डोस घ्यायचा नाही. तो रक्त देऊन, खाऊन मग घ्यायचा, म्हणून डबा बरोबर हवा.

डॉक्टरसमोर वेळ थोडाच मिळतो. तो ‘बरं वाटत नाही’ यात घालवू नका. काय होतंय, कधीपासून होतंय, कशानं वाढतं, आतापर्यंत काय औषध घेतलं, हे चार वाक्यांत सांगा. वैदूचं औषध, काढा, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्या यांतलं काहीही लपवू नका. वेदनाशामक गोळ्यांनी किडनीला झालेला त्रास अनेकदा इथंच उलगडतो. बाईमाणसाला पुरुष डॉक्टरसमोर बोलायला अवघड जात असेल तर सिस्टरला आधी सांगावं. तपासणीच्या वेळी सिस्टरनं थांबावं असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

खिडकीवरून औषध घेतल्यावर तिथंच उभं राहून मोजा आणि कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, हे विचारा. एखादं औषध साठ्यात नसेल आणि ‘बाहेरून आणा’ सांगितलं, तर पर्यायी औषध आहे का ते आधी डॉक्टरना विचारा. नसेल तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी घटक नावानं लिहून मागा. तेच औषध जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतं.

संदर्भ चिठ्ठी

‘सिव्हिलला घेऊन जा’ असं तोंडी सांगितलेलं सिव्हिलमध्ये चालत नाही. तिथं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चिठ्ठी मागून घ्या आणि तिच्यात पाच गोष्टी आहेत का ते पाहा: काय आजार वाटतो, इथं काय केलं, कुठलं औषध किती वाजता दिलं, का पाठवतोय, आणि कुठल्या विभागात. औषधाची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. झटक्याचं किंवा बीपीचं इंजेक्शन खाली दिलेलं असेल आणि वर ते कळलं नाही, तर दुसऱ्यांदा दिलं जाण्याचा धोका असतो. पेशंट गंभीर असेल तर डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट आहे का ते विचारायला सांगा. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढा, कारण पहिल्याच खिडकीवर मूळ कागद जमा होतो.

प्रत्येक वेळी जावंच लागतं असंही नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरातून आणि प्राथमिक केंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञ डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला मिळतो. त्वचेचे आजार, मानसिक आजारांचा पाठपुरावा, चालू औषधांत बदल यांसाठी तो उत्तम चालतो. पोट दाबून किंवा छाती ऐकून ठरवायच्या गोष्टींना त्याचा उपयोग नाही.

घरातल्या कुणाला काय हवं

गरोदर बाईची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. माता-बाल संरक्षण कार्ड त्याच दिवशी मिळतं आणि ते बाळंतपण होईपर्यंत पर्समध्येच असावं. कमीत कमी चार तपासण्या, धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचे चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, चौथ्या महिन्यापासून लोहाच्या १८० गोळ्या आणि कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह शरीरात नीट मुरत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही अशी तक्रार असते, तिथं बहुतेक वेळा हा चहा किंवा हे कॅल्शियम आडवं येतं. तेही नसेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मागा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत तर ती पहिल्या तिमाहीतच व्हावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते, ती तारीख चुकवू नका.

बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तिथलं जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. गाडीचा नंबर १०२, आणि बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आजारी बाळासाठीही तोच. बाळंतपण कुठं करायचं हे सातव्या महिन्यातच ठरवा. आधीचं सिझेरियन, जुळी, बाळ आडवं, बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यांतलं एक जरी असेल तर प्राथमिक केंद्रात थांबायचं नाही. रक्तपेढी असलेलंच रुग्णालय हवं. रक्तस्राव, फिट, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं यांत सकाळची वाट पाहू नका.

बाळाच्या लशी जन्मल्यावर लगेच (बीसीजी, पोलिओ आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-बी), मग ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, १६ ते २४ महिने, ५ ते ६ वर्षं, १० वर्षं आणि १६ वर्षं. सर्वांत जास्त सुटतो तो दीड वर्षाचा डोस, कारण मधल्या सहा-सात महिन्यांत घरच्यांना वाटतं की लशी संपल्या. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस त्याच वेळचा आहे. लस चुकली तर पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेल्या पुढे देतात; उशीर झाला म्हणून सिस्टर रागावतील या भीतीनं घरी बसू नका. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हे लस टाळायचं कारण नाही.

मूल खोकत असेल तर ते शांत असताना पोटाकडे बघून एक पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, असा आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरगडीखालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, निपचित पडलं असेल, तर लगेच निघा. जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. पेलाभर पाण्यात सगळं पाकीट घातलं तर क्षार जास्त होऊन उलट अपाय होतो. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरी करायची.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. जन्मजात हृदयदोष, दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, कमी ऐकू येणं यांवर पुढचे सगळे उपचार, हृदयाच्या शस्त्रक्रियेसकट, याच रस्त्यानं मोफत होतात. पथकाच्या दिवशी मूल गैरहजर राहिलं तर ग्रामीण रुग्णालयात पथकाचा पत्ता लागतो.

तिशीपुढच्या प्रत्येकानं उपकेंद्रात बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची, बायकांनी स्तन आणि गर्भाशयमुखाच्याही कॅन्सरची तपासणी करून घ्यावी. ती मोफत आहे आणि आजार दिसण्याआधी करायची आहे. तंबाखू-मिश्री असलेल्या घरात तर तोंडातला न भरणारा पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांवर गेला की दाखवायलाच हवा. बीपीच्या गोळ्या ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून बंद करतात आणि काही महिन्यांनी लकवा घेऊन येतात, हे टाळता येण्याजोगं आहे. बीपी नॉर्मल आलेलं असतं ते गोळीमुळे. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीची तपासणी आणि दर भेटीत पाय उघडे करून दाखवणं, हे मागून घ्या.

दोन आठवड्यांपुढचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर थुंकीची तपासणी करा. क्षयरोगाचं औषध सरकारीत मोफत आहे आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँकेत जमा होतात. त्यासाठी खातं आधारला जोडलेलं लागतं.

मन ठीक नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. औषधोपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं ही त्यापुढची पायरी आहेत, पहिली नाही.

घाईच्या वेळी

१०८ ची गाडी २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर गाव, तालुका, ठळक खूण, पेशंटचं वय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, एवढं सांगा आणि फोन चालू ठेवा. वाडीचा रस्ता सापडणार नसेल तर एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा.

काही आजारांत पायऱ्या गाळायच्या असतात. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड झालं, तर तो लकवा आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. प्राथमिक केंद्रात थांबून सलाईन लावण्यात हा वेळ जातो. सरळ सीटी असलेल्या रुग्णालयात न्या आणि पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. त्याला पाणी, गोळी काही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम सुटला तर पहिल्यांदा ईसीजी मिळेल तिथं जा. पेशंटला जिने चढवू नका, गाडी चालवू देऊ नका.

साप चावल्यावर मात्र याच्या उलट करायचं. लांबच्या मोठ्या रुग्णालयाकडे धावू नका. प्रतिविष असलेलं पहिलं ठिकाण, बहुधा प्राथमिक केंद्र, तिथंच थांबून पहिला डोस घ्या आणि मग पुढे निघा. दोरी आवळणं, चीर देणं, मांत्रिकाकडे नेणं यांत जीव जातो. चावलेला भाग हलणार नाही असा बांधा. मण्यारीच्या दंशाला सूज किंवा दुखणं जवळजवळ नसतंच. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं जमिनीवर झोपलेलं माणूस म्हणालं तर सर्पदंशाचा संशय घ्या. विंचवाच्या दंशात प्राझोसिन या गोळीनं मृत्यू किती कमी होतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिलं. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं असतील तर ती जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

कुत्रा चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लशीचं पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या दिलेल्या तारखांना. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत भरायचं सिरमही लागतं आणि ते अनेकदा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातच असतं. लस मिळाली म्हणून सिरम विसरू नका.

जन आरोग्य योजना: टप्प्याटप्प्यानं

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. पिवळी, केशरी, पांढरी, कुठलीही शिधापत्रिका चालते. ती नसेल तर अधिवास प्रमाणपत्र.

सुरुवात आरोग्यमित्रापासून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसापासून होते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचा कक्ष असतो. भरती होण्याआधी, आणि काऊंटरवर पैसे देण्याआधी, तिथं जा. त्याला शिधापत्रिका, आधार आणि संदर्भ चिठ्ठी द्या. तो नोंदणी करतो, रुग्णालय तपासण्या करून मंजुरीसाठी ऑनलाइन पाठवतं, मंजुरी आली की उपचार. मंजुरीत तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, जेवण, घरी जायचं भाडं आणि घरी सोडल्यापासून दहा दिवसांपर्यंतची औषधं व तपासणी येते. तातडीच्या रुग्णाला फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद मागाहून चालतात. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट आणला तरी ‘आधी कागद’ हे कारण होऊ शकत नाही. शिधापत्रिकेवर अजून नाव नसलेल्या बाळासाठी जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांबरोबरचा फोटो द्यावा.

नकाराची कारणं ओळखा, म्हणजे पुढं काय करायचं ते कळेल. रुग्णालय योजनेत असतं, पण त्या विषयासाठी नसतं: हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही. अशा वेळी त्या विषयाचं दुसरं रुग्णालय आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगीत योजनेतून होणारच नाहीत, तिथं वाद घालण्यात वेळ जातो. कधी आजार यादीत बसतो, पण रुग्णालयानं लिहिलेलं निदान ढोबळ असतं, तेव्हा डॉक्टरांना नेमकं निदान लिहायला सांगा. आणि कधी सगळं बसत असूनही ‘योजनेतून केलं तर साधं स्टेंट (रक्तवाहिनीत बसवायची जाळी), चांगलं हवं तर वरचे पैसे भरा’ असं सांगतात. मंजूर पॅकेजमध्ये पेशंटकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. तिथून लगेच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि पैसे मागितल्याचा कागद किंवा पावती जपा. घरी गेल्यावर केलेली तक्रार फार कमकुवत होते.

धर्मादाय रुग्णालयं

नावाजलेली बरीच खासगी रुग्णालयं सार्वजनिक न्यासाची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि भरती होतानाच अर्ज द्या, पोच घ्या. ‘खाटा भरल्या’ म्हटलं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे फोन करा. जीव धोक्यात असलेल्या पेशंटला अनामत न मागता प्राथमिक उपचार देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

घरी सोडताना, आणि काही बिनसलं तर

डिस्चार्ज कार्ड नीट वाचून मगच वॉर्ड सोडा. निदान, काय केलं, औषधं, टाके कधी काढायचे, पुन्हा कधी आणि कुठल्या ओपीडीत यायचं, आणि कशानं लगेच परत यायचं, हे त्यावर असायला हवं. शस्त्रक्रियेत रॉड, स्टेंट, लेन्स काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकर कार्डावर लावून घ्या. हे कार्ड घेऊन आठवड्याच्या आत आपल्या प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. ड्रेसिंग, बीपी, चालू गोळ्या तिथंच होतात आणि दर खेपेला शंभर किलोमीटर जावं लागत नाही.

संपूर्ण केस पेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय आचारसंहितेनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांत तसं आहे. भरती होण्याआधी ते दरपत्रक मागा आणि फोटो काढा.

तक्रार योग्य टेबलावर गेली तरच हलते. उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणून तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्य चिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता. महापालिकेच्या दवाखान्यासाठी महापालिकेचे आरोग्य अधिकारी. घरबसल्या १०४ वर सल्लाही मिळतो आणि तक्रारही नोंदवता येते. अर्जात तारीख, वेळ, वॉर्ड, काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि ती घरच्या फाईलमध्ये लावा.